दीक्षाबरोबर परत आलेली पेटी

मित्रांनो, पेटी म्हटलं की तुम्हाला पाहुण्यांच्या गाद्या, जुने स्वेटर, नाहीतर वर्षाचे गहू आठवतील. मीही आता तशाच कामाला आहे. पण मला त्यासाठी विकत घेतलं नव्हतं. हवाई दलात वैमानिक व्हायला निघालेल्या एका मुलीची मी पेटी आहे.

माझा जन्म नागपुरात, इतवारीतल्या एका छोट्या दुकानात झाला. धोंडबा नावाचे म्हातारे कारागीर तिथे पत्रा ठोकत बसत. त्यांनीच माझे कोपरे वळवले, दोन्ही बाजूंना कड्या लावल्या आणि मला काळा रंग दिला. दुकानातल्या माझ्या बहिणी फुलं-मोर रंगवलेल्या होत्या. त्या लग्नघरी जायच्या. मी साधी काळी, म्हणून मागे भिंतीला पडून होते.

एका सकाळी कोराडीहून मनोहरराव गजभिये आपल्या मुलीला घेऊन आले. ते तिथल्या वीज केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर कामाला होते. त्यांच्या शर्टाच्या शिवणीत कोळशाची काळी रेघ कायमची बसली होती. त्यांनी माझं झाकण उघडून पाहिलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

"मजबूत पाहिजे," ते म्हणाले. "माही पोरगी एअर फोर्सात चालली. पायलट होणार आहे."

धोंडबांनी हातोडी खाली ठेवली आणि त्या मुलीकडे पाहिलं. ती उंच होती, सावळी होती आणि बापाच्या बोलण्यानं लाजली होती.

"मंग रंगाचा अजून एक हात देतो," धोंडबा म्हणाले. "हे दूर जाणार आहे."

त्यांनी माझ्या झाकणावर पांढऱ्या अक्षरांत तिचं नाव घातलं. दीक्षा गजभिये. फुलांच्या पेट्यांसमोरून मला बाहेर नेलं, तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

कोराडीच्या कॉलनीत तर माझं कौतुकच झालं. शेजारच्या बायका येऊन माझ्यावरून हात फिरवून गेल्या. चौकात मुलांनी दीक्षाच्या फोटोचा मोठा फ्लेक्स लावला. तिची आई शामलाबाई मला भरत होत्या आणि पुन्हा रिकामी करत होत्या. चिवड्याचा डबा बसत नव्हता आणि तो काढायला त्यांचं मन होत नव्हतं. निघताना दीक्षा बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे उभी राहिली. मग मनोहररावांनी मला एका बाजूनं उचललं. दुसरी कडी शेजारचे मधुकरराव धरायला आले. हे दोघे एकाच पाळीत काम करत आणि एकमेकांचं सगळं जाणत.

"आता वरून आमच्या वीज केंद्राच्या चिमण्या पाह्यजो," मधुकरराव तिला म्हणाले.

दक्षिणेत, गाडीनं लांबचा प्रवास करून जावं लागतं अशा ठिकाणी, हवाई दलाची अकादमी होती. माझी जागा दीक्षाच्या पलंगाच्या पायथ्याशी. खोलीत पुण्याची रितिकाही होती. पहिले महिने धावण्याचे, कवायतीचे आणि अभ्यासाचे गेले. दीक्षा त्यात पुढे होती. संध्याकाळी ती माझ्यावर बसून बूट चमकवायची आणि गुणगुणायची. घरी फोन केला की मनोहरराव एकच विचारत, "बसली का विमानात?"

मग ती खरंच विमानात बसली, आणि तिचं गुणगुणणं बंद झालं.

वर गेलं की तिला उलटी व्हायची. ती खोलीत यायची ती पांढरीफटक होऊन. यायची, माझ्यावर बसायची आणि डोकं गुडघ्यात घालायची. पुढे उलटी थांबली, पण विमान उतरवणं जमेना. "जमीन जवळ आली की माझे हात आखडतात," ती रितिकाला सांगायची. तिचे प्रशिक्षक सुमंत सर शांत माणूस होते. ते ओरडत नसत, पण 'छान' असंही कधी म्हणत नसत. उतरल्यावर म्हणत, "उद्या पुन्हा."

एकेक जण एकट्यानं विमान उडवून येऊ लागला. असं पहिलं उड्डाण झालं की बाकीचे त्याला उचलून पाण्यात टाकत आणि आरडाओरडा करत. तो आवाज खिडकीतून आमच्या खोलीत यायचा. रितिकाही एक दिवस ओलीचिंब होऊन आली. दीक्षानं तिला मिठी मारली, टॉवेल दिला, आणि मग न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला.

ज्यांना जमत नव्हतं, त्यांना घरी पाठवत. समोरच्या खोलीतल्या एका मुलीला असंच पाठवलं. भर दुपारी तिनं पेटी भरली. मुली दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्या मुलीची पेटी माझ्यासारखीच होती. तिची कडी फरशीवर घासत गेली. दीक्षानं दार लावून घेतलं.

"मला असं कोणी काढणार असेल, तर त्याआधी मीच जाईन," ती म्हणाली.

रितिका म्हणाली, "वेडी आहेस का? तुला कोण काढतंय?"

त्याच आठवड्यात सुमंत सर रजेवर गावी गेले. दीक्षा दुसऱ्या प्रशिक्षकांबरोबर वर गेली. विमान धावपट्टीवर आपटलं, पुन्हा उसळलं, आणि त्या साहेबांनी तिच्या हातातून विमान चालवायचा दांडा काढून घेतला. खाली उतरल्यावर सगळ्यांसमोर ते म्हणाले, "इतक्या दिवसांत हेच शिकलीस?" ती खोलीत आली आणि तिनं माझं झाकण उघडलं.

रितिकानं तिचा हात धरला. "सुमंत सर सोमवारी येतायत. तोवर थांब. एवढंच ऐक."

"ते आले तर हेच सांगतील," दीक्षा म्हणाली.

तिनं स्वतःच्या इच्छेनं प्रशिक्षण सोडत असल्याचं लिहून दिलं. अकादमीच्या मोठ्या साहेबांनी तिला बोलावून पुन्हा विचार करायला सांगितलं, असं ती रितिकाला म्हणाली. तिनं विचार झाल्याचं सांगितलं. मला तिनं एकटीनंच भरलं. मित्रांनो, माझ्यात कितीही सामान भरलं तरी मी आजवर कुरकुरले नाही. पण त्या दिवशी मी अर्धी रिकामी होते, तरी ती मला उचलू शकत नव्हती.

कोराडीच्या चौकात तिचा फ्लेक्स अजून होता. उन्हानं फोटोतला चेहरा फिकट झाला होता. तिनं ऑटोवाल्याला मागच्या रस्त्यानं न्यायला सांगितलं.

घरी कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. शामलाबाईंनी ताट वाढलं. मनोहररावांनी एकदाच विचारलं, "काहून सोडलं, बेटा?" ती म्हणाली, "नव्हतं जमत, बाबा." त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी मधुकररावांनी दारातून हाक मारली, "दीक्षा आली म्हणे?" तेव्हा मनोहरराव घाईनं बाहेर गेले आणि म्हणाले, "हो, सुट्टीवर आली आहे."

ती सुट्टी लांबत गेली. मला दिवाणाखाली सरकवून टाकलं. माझ्यावर वीज केंद्राच्या राखेचा थर बसला. कोराडीत तो कुठेही बसतो. दिवाणाखालून मला घरातले फक्त पाय दिसत आणि बोलणं ऐकू येई. दीक्षाचे पाय दिवसभर त्या खोलीत असत. बाहेर जायचं तर ती तोंडाला ओढणी बांधून, शेजारीपाजारी कामावर गेल्यावर जायची. विमानाचा आवाज आला की पूर्वी ती गच्चीवर धावायची, असं शामलाबाई सांगत. आता ती पंखा मोठा करायची.

मग एका सकाळी ती चहा घेता घेता म्हणाली, "बाबा, मी चुकली. मले परत जायचं आहे."

मनोहररावांनी कपबशी खाली ठेवली. "घेतील का?"

"माहीत नाही. विचारते."

तिनं अर्ज केला. उत्तर आलं नाही, म्हणून पुन्हा केला. फोन लावले. रोज पहाटे ती राखेच्या बंधाऱ्याच्या रस्त्यानं धावू लागली, कारण घेतलं तर तयार असायला हवं. शेवटी अकादमीच्या मोठ्या साहेबांनी भेटायची वेळ दिली. येऊन बोला, एवढंच कळवलं होतं. मनोहररावांनी मला दिवाणाखालून ओढून काढलं आणि ओल्या फडक्यानं पुसलं.

"पेटी काहून, बाबा? फक्त भेटायचं आहे," दीक्षा म्हणाली.

"हो म्हटलं तर? सामानासाठी परत यायचं का इतक्या दूर?"

शामलाबाईंनी मला भरलं. या वेळी चिवड्याचा डबा सगळ्यात आधी ठेवला.

अकादमीच्या दारापाशी पहारेकऱ्यांची चौकी आहे. तिथल्या बाकावर मनोहरराव बसले आणि मला पायाशी ठेवलं. त्यांनी लग्नकार्यात घालायचा शर्ट घातला होता. दीक्षा आत गेली. आकाशात शिकाऊ विमानं फिरत होती. मनोहररावांनी ती पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. प्रत्येक विमान उतरलं की ते श्वास सोडत.

दीक्षा परत आली तेव्हा ती सरळ चालत होती. चेहऱ्यावरूनही काही कळत नव्हतं. ती बापाजवळ बसली.

"चांगले बोलले, बाबा. चहा दिला. पण नियम आहे म्हणे. स्वतःहून सोडलं त्याले पुन्हा घेत नाहीत."

"तू सांगतलं नाही का, चुकली म्हणून?"

"सांगतलं."

"दोन्ही हात जोडून सांगतलं का?"

"बाबा," ती हळूच म्हणाली, "सगळं सांगतलं."

तेवढ्यात सुमंत सर घाईघाईनं चौकीपाशी आले. अंगावर उड्डाणाचा पोशाख होता. ती आल्याचं त्यांना नुकतंच कळलं होतं. इतके महिने ते तिच्याशी हिंदी-इंग्रजीत बोलत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मराठीत बोलले.

"कशी आहेस, दीक्षा?"

मनोहरराव उठून उभे राहिले. "साहेब, एक विचारू का? माही पोरगी कच्ची होती का?"

सुमंत सरांनी माझ्या झाकणावरचं तिचं नाव वाचलं.

"नाही, काका. तिचे हात सैल पडायला लागले होते. मी रजेवरून आलो की सोमवारी तिला एकटीला वर पाठवणार होतो."

दीक्षानं मान वर केली. "सर, मला नाही सांगितलंत."

"नाही सांगितलं. आधी सांगितलं तर मुलं ढिली पडतात, असं मला वाटायचं." ते बाकाजवळ आले. "सोमवारी आलो तर तुझी खोली रिकामी होती. मी वरपर्यंत बोललो, दीक्षा. उपयोग झाला नाही."

खाली वाकून तिनं माझी कडी धरली आणि सोडली नाही. तिची बोटं थंडगार होती. मनोहरराव थोडे दूर जाऊन कुंपणाकडे तोंड करून उभे राहिले. परत आल्यावर ते सरांना म्हणाले, "बरं झालं, सांगतलं तुम्ही." आणि गाडीत बसल्यावर लेकीला म्हणाले, "हे ऐकायचं होतं मले. अन् नव्हतं पण ऐकायचं."

कॉलनीत पोचलो तेव्हा मधुकरराव पाळीवरून येत होते. ऑटोतून मला उतरवताना पाहून त्यांनी विचारलं, "सुट्टी संपली म्हणून गेली होती ना? एवढ्यातच परत आली?"

दीक्षा खाली पाहू लागली. मनोहररावांनी मला जमिनीवर टेकवलं.

"सुट्टी नव्हती गा, मधुकर," ते म्हणाले. "तिनं सोडलं होतं. परत मागायले गेलो होतो. नाही भेटलं."

मधुकररावांनी डबा काखेत मारला आणि माझी दुसरी कडी धरली. दोघांनी मिळून मला जिन्यावरून वर नेलं.

त्यानंतर दीक्षानं हवाई दलाची आणखी काही दारं ठोठावली. सगळीकडे हेच उत्तर मिळालं. पैसे भरून विमान शिकण्याची या घराची ऐपत नाही. आता ती नागपूरजवळच्या वाडी गावातल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम करते. कुठला ट्रक कुठे पोचला, ते ती दिवसभर फोनवरून विचारते. काम चोख करते, असं म्हणतात.

पण माझं सामान कितीतरी दिवस कुणी काढलं नव्हतं. एका रविवारी दुपारी शामलाबाईंना गाद्या ठेवायला जागा हवी होती. त्या माझ्यासमोर बसल्या. दीक्षा बाजूला बसून एकेक कपडा काढून देऊ लागली. मोजे, पांढरे शर्ट, चिवड्याचा डबा. चिवडा खवट झाला होता. तो डबा मांडीवर घेऊन शामलाबाईंनी विचारलं, "दीक्षा, वरून कसं दिसते वं? मले तू कधी सांगतलंच नाही."

"तू कधी विचारलं नाही, आई."

"तुले लागन म्हणून नाही विचारलं."

दीक्षा सांगू लागली. सकाळी ढगांच्या वर गेलं की ऊन एकदम कसं स्वच्छ असतं. तळी आरशाच्या तुकड्यांसारखी कशी चमकतात. विमान वळलं की जमीन कशी तिरपी होते, आणि पोटात भीती असूनही हसू कसं येतं. "एका दिवशी लय चांगलं उतरलं होतं विमान, आई. मले कळलंच नाही, चाकं कधी टेकली. सर काही बोलले नाही, पण..." घरी आल्यापासून ती रडली नव्हती. त्या दुपारी ती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडली. शामलाबाईंनी तिला गप्प केलं नाही.

आता माझ्यात पाहुण्यांच्या गाद्या आहेत. मित्रांनो, आम्हा पेट्यांना गंज लागू नये म्हणून लोक तेलाचा हात फिरवतात. माणसांची काळजी त्याहून सोपी असावी, पण ती राहून जाते. तुमच्याजवळ कुणी काही शिकत असेल, धडपडत असेल, आणि त्याला थोडं थोडं जमू लागल्याचं तुम्हाला दिसत असेल, तर ते मनात ठेवू नका. तसं त्याला आजच सांगा.