उस्तादांची गाडी तेल खाते

"मागे बघ, मागे," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी ॲक्सिलरेटर पिळला.

बारक्याने मागे बघितलं. सायलेन्सरमधून निळा धूर निघाला, गॅरेजच्या दारात घोटाळला आणि शेजारच्या स्पेअर पार्टच्या दुकानात शिरला. स्पेअरवाला खोकत बाहेर आला. कुणाची गाडी आहे ते बघितल्यावर मात्र त्याने खोकला आवरला आणि खांबाला टेकून नीट उभा राहिला. असला तमाशा रोज फुकटात मिळत नाही.

"परत?" बारक्याने विचारलं.

"परत. आठवडा होत नाही तर तेल गायब. आज सकाळीच टाकलंय." उस्तादांनी गाडी बंद केली आणि साइड स्टँडवर कलती केली. "इंजिन बांधलंस का गाळणी बांधलीस, एवढं सांग फक्त."

स्पेअरवाला हसला. पलीकडच्या वेल्डरनेही तोंडासमोरची काच वर करून बघितलं. बारक्याने हात पुसले, मुळात ते स्वच्छच होते तरी पुसले, आणि गाडी आत घेतली.

बारक्या आता नावालाच बारक्या होता. पन्नाशी उलटली होती आणि खाली वाकलं की पोट आधी गाडीला लागायचं. पण उस्तादांच्या गॅरेजात तो पाने पुसायला लागला तेव्हा त्याच्या बरगड्या मोजता यायच्या, आणि त्या वेळी पडलेलं नाव रस्त्याने कायम केलं. या रस्त्यावरच्या बहुतेक मेकॅनिकांना उस्तादांचा पाना लागलेला होता. लागलेला म्हणजे पाठीत. वॉशर विसरला, पाना. नट आधी हाताने न लावता एकदम पान्याने आवळला, पाना. पण त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस पुढे कुठे उपाशी राहिला नाही, हेही तितकंच खरं होतं.

उस्तादांचं गॅरेज बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. गाडी मात्र होती, आणि गेल्या थंडीत ती त्यांनी इंजिन बांधायला बारक्याकडे दिली. इतक्या जणांतून बारक्याकडे. बारक्याने नवा पिस्टन, नव्या रिंगा घालून, सिलिंडर आतून घासून बोअर करून, एकेक नट दोनदा तपासून ती बांधली, आणि नंतर महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला काही ना काही निमित्त काढून ते सांगितलं. आता उस्ताद सांगत होते. चहाच्या टपरीवर, पेट्रोल पंपावर, जिथे बसतील तिथे. गाडी तेल खाते. कुणी बांधली? बारक्याने.

परवा एक गिऱ्हाईक इंजिनाचं काम विचारायला आलं, सगळं ठरवलं, आणि जाता जाता म्हणालं, "तुम्हीच ना ते, उस्तादांची गाडी...?" गाडी घेऊन येतो म्हणून गेलं ते गेलंच. बारक्याकडे नावाशिवाय होतं काय? दुकान भाड्याचं, पाटी उन्हाने उडालेली. लोक यायचे ते बारक्याने बांधलेलं इंजिन बोलत नाही, कधी कुरकुरत नाही, एवढ्या एका वाक्यावर.

धुराची तक्रार आल्यावर त्याने उस्तादांची गाडी आधी एकदा उघडली होती. गाडी आली, त्याने खालचा नट काढला आणि तेल सरळ जळक्या तेलाच्या अर्ध्या भरलेल्या टपात सोडलं. किती निघतंय ते बघितलं नाही. तेलात बुडलेली मोजपट्टी काढून पातळीही बघितली नाही. उस्तादांनी स्वतः सकाळी बघून, पुसून, पुन्हा बुडवून बघितलेलं तेल. त्यावर आपण परत पट्टी घालायची म्हणजे मास्तरांनी तपासलेला पेपर मुलाने तपासायचा. हे मनात यायलासुद्धा वेगळी छाती लागते. एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत तेल. प्लग तेलाने काळाभोर. म्हणजे रिंगा गेल्या, असं कुणीही म्हणेल. पण हेड आणि सिलिंडर उतरवून बघतो तर रिंगा ठणठणीत. वरच्या खुणा वर, फटी एकमेकींपासून लांब, सिलिंडरच्या भिंतीवर एक ओरखडा नाही. व्हॉल्व्हची सीलं उगाच बदलली, मनाच्या समाधानासाठी. आणि आज परत तोच धूर.

घरीही त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बायकोने मिक्सर लावला तर हा घास हातात धरून ऐकत बसला.

"बेअरिंग आवाज करतंय," तो म्हणाला.

"लग्नापासून करतंय. जेवा." तिने भाजी वाढली. "त्या गाडीचं चाललंय ना डोक्यात?"

"कुठेतरी चुकलोय मी. दिसत नाहीये एवढंच."

"उघडून बघितलीत ना?"

"बघितली."

"मग?"

मग काय, हेच तर त्याला कळत नव्हतं. चूक सापडली असती तर त्याने पत्करली असती. रस्त्यात कान पकडून उभा राहिला असता. न सापडणाऱ्या चुकीने त्याचा जीव खाल्ला होता. हल्ली तो आपण पूर्वी बांधलेली कुठलीही गाडी समोरून गेली तरी वळून तिचा सायलेन्सर बघायचा, आणि एकदा तसं बघताना भिंतीला धडकला होता.

या वेळी त्याने गाडी उघडलीच नाही. तेल सोडलं, नवीन मोजून घातलं, आणि उस्तादांना निरोप पाठवला की काम मोठं आहे, थोडे दिवस लागतील. मग रोज तीच गाडी चालवली. घरी, बाजारात, चढावर, दोघांना बसवून, मुद्दाम पिळून पिळून. रोज मेन स्टँडवर लावून पट्टी बघितली. तेल हललं नाही. धुराचा ठिपका नाही. आनंद व्हायला हवा होता, पण उलट त्याची झोप उडाली. गाडी दिली परत, आणि आठवडाभराने स्पेअरवाल्याने निरोप आणला, "टपरीवर उस्ताद चिडलेत रे. म्हणाले, आता दुसऱ्याला दाखवतो."

बायकोने हे ऐकून घेतलं. उस्तादांवर तिचा जुना राग होता. लग्नाच्या दिवशी नवऱ्याला दुपारपर्यंत कामावर बसवून ठेवणारा माणूस ती विसरली नव्हती.

"गाडी तीच," ती म्हणाली. "तुमच्याकडे शहाणी, त्यांच्याकडे वेडी. गाडीला काय विचारताय मग? त्यांच्याकडे जाऊन बघा ती काय करते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उस्तादांच्या गल्लीत गेला. जाताना ठरवलं होतं की सरळ दार वाजवायचं. पण कोपऱ्यावर पोचला तेव्हा उस्ताद गाडीपाशीच होते, आणि त्यांची पाठ इकडे होती, आणि बारक्या का कोण जाणे तिथेच थांबला.

उस्ताद गाडी मेन स्टँडवर घेत होते. डावा हात हँडलला, उजवा हात सीटच्या मागच्या कडीला, पाय स्टँडवर. सगळं बरोबर. जोर दिला. गाडी हलली, मागचं चाक जरासं उचललं आणि परत जमिनीवर बसलं. उस्ताद थांबले. आजूबाजूला बघितलं. समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालत होती, ती आत जाईपर्यंत त्यांनी आरसा पुसला. मग परत पाय दिला, अंगाचा सगळा भार घातला. या वेळी चाक उचललंही नाही. पाय स्टँडवरून सटकला आणि ते सीटला धरून वाकले, बराच वेळ तसेच वाकून राहिले.

मग त्यांनी साइड स्टँड लावला. कलत्या गाडीची पट्टी काढली, चिंधीने पुसली, परत बुडवली, उजेडात धरली आणि मान हलवली. घरात जाऊन तेलाचा डबा आणला आणि ओतायला लागले.

बारक्याला क्षणात सगळं दिसलं. पट्टी इंजिनाच्या उजव्या अंगाला. गाडी कलते डाव्या अंगाला. तेल तिकडे जाणार आणि पट्टी कोरडी येणार. तेल पुरेसं असताना वर आणखी तेल. जागा नाही म्हटल्यावर ते इंजिनातली हवा सोडणाऱ्या ब्रीदरच्या पाइपातून एअर फिल्टरच्या डब्यात जाणार आणि तिथून आत ओढलं जाऊन जळणार. गाडी तेल खात नव्हती. तिला कोंबून भरवलं जात होतं. याच चुकीसाठी, गाडी सरळ उभी न करता पट्टी बघितली म्हणून, बारक्याच्या पाठीत आयुष्यातला पहिला पाना बसला होता.

आधी त्याला आनंद झाला. माझ्या रिंगा बरोबर आहेत, हेच पहिल्यांदा मनात आलं, आणि छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. मग उस्ताद डब्याचं झाकण लावायला धडपडताना दिसले आणि त्या आनंदाची त्याला लाज वाटली. तो आल्या पावली मागे फिरला.

गॅरेजात त्याचं कामात लक्ष लागेना. तीच चेन दोनदा धुतली. एका शब्दात आपलं नाव परत मिळत होतं, आणि तो शब्द उस्तादांना विकून मिळत होता. सांगायचं काय? उस्ताद, तुम्हाला गाडी उचलत नाही? ज्या माणसाने अख्खं इंजिन दोन हातांवर उचलून फळीवर ठेवलेलं बारक्याने डोळ्यांनी पाहिलं होतं, त्याला?

दुपारी उस्ताद आलेच. मागे निळा धूर, पुढे कपाळावर आठी. स्पेअरवाला बाहेर आला, वेल्डरने काच वर केली, दोन गिऱ्हाइकं होती तीही वळली.

"आता शेवटचं विचारतो," उस्ताद म्हणाले. "सापडलं का नाही? नसेल तर तसं सांग, मी दुसरीकडे नेतो."

"सापडलं," बारक्या म्हणाला. "माझीच चूक होती. ब्रीदरचा पाइप बसवताना माझ्याकडून दुमडला गेला."

स्पेअरवाल्याने जीभ चावली. बारक्याने खाली मान घातली. संपलं, त्याला वाटलं. गेलं ते नाव गेलं, पण प्रकरण मिटलं.

"दुमडला?" उस्तादांनी विचारलं.

"हो."

"मग आत दाब बसेल. सील फुटेल. फुटलं?"

"नाही."

"फिल्टरच्या डब्यात तेल होतं म्हणालास मागे. दुमडलेल्या पाइपातून डब्यात तेल आलं कसं?"

खोटं बोलायला बारक्याने माणूस चुकीचा निवडला होता. या माणसाने त्याला दुसरं काही शिकवलंच नव्हतं, कारणामागचं कारण विचारायला शिकवलं होतं.

"दुसरं सांग," उस्ताद म्हणाले. आवाजात जुनी धार आली होती. "गाडी आली तेव्हा तेल किती निघालं?"

"मोजलं नाही."

"पट्टी बघितलीस?"

"नाही."

"का?"

"तुम्ही बघितली होती ना, उस्ताद."

उस्ताद पुढचं विचारणार होते. ओठ तसेच राहिले. त्यांनी बारक्याकडे बघितलं, मग साइड स्टँडवर कललेल्या गाडीकडे, मग परत बारक्याकडे, आणि बारक्याची नजर ज्या घाईने बाजूला झाली ती त्यांनी पाहिली. रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

"सकाळी माझ्याकडे आला होतास," ते म्हणाले.

बारक्या पायाजवळचा एक नट उचलून पुसायला लागला.

"आत का नाही आलास? चहा दिला असता."

मग ते स्पेअरवाल्याकडे वळले, वेल्डरकडे वळले. एखाद्या गिऱ्हाइकाला गाडीतला दोष सांगावा तशा सुरात बोलले.

"इंजिनाला काही झालेलं नाही. चांगलं बांधलंय. मी साइड स्टँडवर तेल बघतो आणि वर ओततो, म्हणून धूर. मेन स्टँडवर गाडी चढत नाही माझ्याच्याने आता." त्यांनी सीटवर हात ठेवला. "वाटलं, कलतेपणाचा अंदाज धरता येईल. आयुष्यभर अंदाजावरच तर कामं केली. नाही आला अंदाज."

स्पेअरवाला खांब सोडून सरळ उभा राहिला. वेल्डरने काच खाली घेतली, पण ठिणगी पाडली नाही.

"टपरीवर सांगेन मी," उस्ताद म्हणाले. "जिथे जिथे बोललो तिथे सांगेन."

"राहू द्या, उस्ताद."

"राहू द्या काय? नाव आहे तुझं." ते चिडल्यासारखे बोलले, पण चिडले नव्हते. "चल, तेल जास्तीचं काढ. आधी पातळी बघ, माझ्यादेखत. पट्टी माझ्या हातात दे."

बारक्या जागचा हलला नाही. गाडी मेन स्टँडवर घ्यायची म्हणजे इतक्या लोकांसमोर, त्यांच्यासमोर घ्यायची.

"घे म्हणतो ना."

बारक्या गाडीपाशी गेला. साइड स्टँड काढला, डावा हात हँडलला लावला, उजव्या हाताने मागची कडी धरली आणि पाय स्टँडवर ठेवला. उस्ताद मागून आले आणि त्यांनी आपला हात कडीवर, बारक्याच्या हाताशेजारी ठेवला.

"हं," ते म्हणाले. "लाव जोर."

त्यांच्या हातात जोर नव्हता, नुसतं वजन होतं. एरवी बारक्या कुठलीही गाडी एका झटक्यात वर घ्यायचा. ही त्याने हळूहळू घेतली, कडीवरचा तो हात सुटणार नाही इतकी हळू.