राखाडी निळ्याची परीक्षा

डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर बाबांची परीक्षा घ्यायची, ही मालकाची अक्कल. कापडावर छापायची नक्षी आधी पोस्टर कलरने कागदावर रंगवायची, हे काम बाबांनी या कारखान्यात चाळीस वर्षं केलं होतं. तरी मालक म्हणाला, "या कापडाच्या तुकड्यातला राखाडी निळा कार्डावर जुळवून दाखवा. एकच संधी. चुकलात तर घरी आराम करा. आणि रंग मिसळायला हिने मदत केली तर दोघंही घरी."

ही म्हणजे बाबांची मुलगी, त्यांच्याच हाताखाली काम करणारी. बाबांना आराम म्हणजे मरणच, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

बाबांनी बशीत भरपूर पांढरा घेतला, थोडा निळा, काळा अगदी नावापुरता. "कार्ड भर," म्हणून ते हात धुवायला गेले. कार्ड भरायचं काम नेहमी तिचंच.

तिने बशीत पाहिलं आणि तुकडा शेजारी धरला. रंग तुकड्यापेक्षा चांगलाच फिका! झालं, गेले यांचे डोळे! मालक पाठमोरा फोनवर बोलत होता. तिने पटकन काळ्याचा ठिपका बशीत मिसळला. रंग हुबेहूब जुळला. तिने कार्डावरचा चौकोन भरला.

बाबा परत आले, चौकोनाकडे पाहून दारातच थबकले. मग गुपचूप खुर्चीत बसले.

पंख्याखाली रंग वाळू लागला, आणि वाळता वाळता गडद होत गेला. तेव्हा कुठे तिला आठवलं, पांढरा जास्त असला की रंग वाळल्यावर गडद होतो. म्हणून तो ओला असताना फिकाच ठेवायचा. पहिल्याच आठवड्यात बाबांनी शिकवलं होतं. पण घाबरलेल्या माणसाला पाठ झालेलंही आठवत नाही.

मालकाने तुकडा कार्डावर ठेवला. "गडद आहे."

"साहेब, ते मी..."

"माझे डोळेच गेले, साहेब," बाबा मध्येच म्हणाले. "हिचे चांगले आहेत. माझं काम हिला द्या."

मालक मान डोलावून गेला. तिला रडू आवरेना. "बाबा, मी बिघडवलं हो! तुम्हाला दिसलं नसेल..."

"दारातूनच दिसलं," बाबा म्हणाले. "नखाला काळा लागलाय बघ. धुऊन ये."