कुंडीतला पाइन

सिद्धार्थ गेला, त्यानंतर आमच्या घरात बोलणं कमी झालं आणि त्याच्या झाडाला पाणी घालणं वाढलं. झाड कसलं, वीतभर पाइनचं रोप. कोडाइकनालच्या डोंगरात पाइनच्या जंगलाखालची माती तपासायची, हे आमच्या मुलाचं काम. कुठल्या मातीत ही झाडं उंच जातात आणि कुठे खुरटतात, याचा त्याला ध्यास होता. सुट्टीला चेन्नईला आला तेव्हा मला दाखवायला हे रोप कुंडीतून घेऊन आला. परत नेणार होता. सुट्टीतच ताप भरला, तो डोक्यात गेला, आणि कुंडी आमच्या नुंगंबाक्कमच्या बाल्कनीत राहिली.

आमचे हे, दिनानाथराव, रेल्वेतून निवृत्त झालेले. जन्मात कधी तुळशीला तांब्याभर पाणी घातलं नाही, आणि आता उठले की बाल्कनीत. मुलाचं तर्पण बापाने करायचं, ही वेळ वैऱ्यावरही येऊ नये. गुरुजींनी ते महिन्यातून एकदा करायला सांगितलं होतं, हे रोज करायचे. दूध आणि तीळ घातलेलं ते पाणी पायदळी येऊ नये म्हणून झाडाच्या मुळाशी ओततात, ही आपली रीत. खाली अंगणात चांगला थोरला कडुनिंब होता. पण हे पाइनलाच घालायचे.

"अहो, डोंगरातलं झाड ते, त्याला दूध कशाला?" मी एकदा म्हटलं.

"त्याचंच आहे ना ते," एवढंच म्हणाले.

रोप पिवळं पडू लागलं तसे हे आणखी मागे लागले. शेणखत आणलं. मातीवर पांढरी बुरशी दिसली, ती चमच्याने खरवडून काढली आणि वरून हळद दाबली, जखमेत भरतात तशी. मला राग यायचा आणि त्यांची दयाही यायची. दोन्ही गिळून मी स्वयंपाकाला लागायची.

मग इरा आली. सिद्धार्थबरोबर तिथेच काम करणारी मुलगी, त्याची पुस्तकं आणून द्यायला आलेली. चहा तसाच ठेवून ती कुंडीपाशी बसली, माती चिमटीत घेऊन तिने हुंगली. माती आंबली होती. दूध, शेणखत, खरवडलेली बुरशी, सगळं यांनीच तिला सांगितलं.

"काका, याला कसदार माती मानवत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "हलकी लागते, पाणी न धरणारी. आणि ती पांढरी बुरशी हा रोग नव्हता. तिचे धागे मुळांना लपेटून असतात, मातीतलं अन्न तेच झाडाला आणून देतात. ते गेले की झाड उपाशी राहतं."

हे आपल्या हातांकडे बघत राहिले.

इराने कुंडी हळूच आडवी करून रोप बाहेर काढलं. वरची मुळं काळी पडली होती, पण अगदी तळाशी थोडे पांढरे धागे शिल्लक होते. "मोठ्या पाइनखालच्या मातीत लावलं तर कदाचित धरेल. इथे नाही धरणार. मी घेऊन जाऊ?"

"नाही," हे म्हणाले. "माझ्याजवळ त्याचं एवढंच राहिलंय."

मला राहवलं नाही. "आणि माझ्याजवळ काय राहिलंय? दवाखान्यात आपल्या हातात काहीच नव्हतं. याचं तरी आहे. देऊन टाका."

हे उठून आत गेले, आपलं जुनं धोतर फाडून आणलं, ओलं केलं आणि इरा सांगेल तसं मुळांभोवती गुंडाळलं. तान्ह्या सिद्धार्थलाही त्यांनी इतक्या जपून कधी घेतलं नव्हतं.

फाटकाशी ऑटो उभी होती. इरा रोप मांडीवर घेऊन बसली. यांचा चेहरा बघून तिला वाईट वाटलं असावं. "तिथे खूप रोपं आहेत, काका. याच्याशेजारी सिद्धार्थच्या नावाची पाटी लावते. तुम्ही याल तेव्हा लगेच सापडेल."

हे हो म्हणतील, असंच मला वाटलं.

"पाटी नको लावू, बाळ," ते म्हणाले. "कुठलं ते मला कळलं, तर मी त्याला जगू देणार नाही."