तीन सेकंदांचा थांबा

एक चूक दुरुस्त करून पाठवली, एवढाच तिचा गुन्हा. लेबलं छापणारा तो प्रोग्राम तिचा नव्हता, तिच्या ऑफिसचाही नव्हता. ओपन सोर्स म्हणजे ज्याला हवा त्याने घ्यावा, वापरावा, जमलं तर सुधारावा. तिच्या ऑफिसात गोदामांची कामं चालत आणि खोक्यांवरची लेबलं हाच प्रोग्राम छापायचा. एकदा तारीख उलटी छापली गेली. तिने ती ओळ सरळ केली आणि मूळ लेखकाकडे पाठवली. चार वर्षांत दुरुस्तीसाठी त्या बाजूला कुणी फिरकलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्या गृहस्थांचं उत्तर आलं, "आता तुम्हीच बघा. मी थकलो." सोबत सगळे अधिकार. ना ओळख, ना पाळख, आणि आपलं लोढणं दुसऱ्याच्या गळ्यात अडकवून माणूस मोकळा!

"दत्तक घेतलंस म्हण की," नवरा म्हणाला.

"घेतलं नाही. दारात ठेवून गेला तो."

आत डोकावून पाहावं तर दोनशे चौदा तक्रारी. जगभरातून लोक लिहीत होते आणि बहुतेकांचा सूर असा, की जणू ही त्यांच्या घरी कामाला आहे. एकाला अक्षरं मोठी हवीत, दुसऱ्याला तीच बारीक. एकाने नुसतंच लिहिलेलं, "चालत नाही." काय चालत नाही, कुठे चालत नाही, काही पत्ता नाही. ऑफिसातून आल्यावर चहाचा कप घेऊन ती रोज तासभर त्या पसाऱ्यात बसायची आणि तणतणत उठायची.

सगळ्यात जास्त बोंब एकाच गोष्टीची होती. प्रोग्राम फार हळू. कारण सापडलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. दर लेबल छापून झालं की प्रोग्राम तीन सेकंद नुसता बसून राहायचा. काही करायचा नाही, फक्त बसायचा. त्या ओळीशेजारी लेखकाने लिहून ठेवलं होतं, "हे काढू नका." का काढू नका, त्याबद्दल अवाक्षर नाही.

"का काढू नका? पाप लागेल?" ती स्क्रीनवरच खेकसली.

नवरा मटार सोलत होता. "विचार ना त्यांनाच."

"विचारलं. आठ दिवस झाले. थकलेत ना ते!"

तिने ओळ उडवली आणि बदलांच्या यादीत लिहिलं, "निरर्थक थांबा काढला." दोन दिवसांत चाळीस तक्रारी आपोआप मिटल्या. गोदामवाले खूश, छापखानेवाले खूश, कुणीतरी टाळ्यांचं चित्र पाठवलं. अनोळखी माणसांनी तिची पाठ पहिल्यांदाच थोपटली होती आणि खोटं कशाला बोला, तिला ते भलतंच आवडलं.

पाचव्या दिवशी एक तक्रार आली. "मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त घेते. तुमच्या बदलामुळे लेबलांचा गोंधळ होतोय आणि चूक माझ्या हातांची ठरतेय. पहिल्यासारखं करा."

तिने ठरलेलं उत्तर चिकटवलं: प्रिंटर कोणता, व्हर्जन कोणतं, चूक कशी घडते ते क्रमाने लिहा.

उत्तर आलं, "प्रिंटर पांढरा आहे."

हे तिने नवऱ्याला वाचून दाखवलं. दोघंही पोट धरून हसले. मग तिने तक्रार बंद केली. बाईंनी ती पुन्हा उघडली. हिने पुन्हा बंद केली. तिसऱ्यांदा उघडताना बाईंनी लिहिलं, "तुम्ही माणसं आहात की नाही?" तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं. फुकटात राबायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं! तिने तक्रारीला कायमचं कुलूप घातलं.

शनिवारी दुपारी फोन वाजला. आपला नंबर प्रोग्रामच्या पानावर आहे हे ती विसरूनच गेली होती.

"पांढऱ्या प्रिंटरवाली बोलतेय," पलीकडून आवाज आला. "ठेवू नका फोन."

"हे बघा ताई, तुम्ही माहिती दिल्याशिवाय..."

"देते ना. ऐका तर! सकाळी खिडकीपाशी मी एकटी असते. तिघांचं रक्त काढलं की बारा नळ्या ओळीने उभ्या. बटण दाबलं की लेबल यायचं. मी नाव वाचायचे, नळीला चिकटवायचे, तोवर पुढचं यायचं. आता बारा लेबलं एका दमात बाहेर पडतात. ट्रेमध्ये उलटीसुलटी. काही चिकटतात एकमेकांना. परवा दोन बायका आल्या, नाव तेच, आडनाव तेच."

तिने विचारलं, "मग?"

"मग काय? अदलाबदल झाली. एकीच्या रिपोर्टात आलं, अंगात रक्तच नाही, ताबडतोब चढवा. अहो, ती बाई तीन जिने चढून माझ्याशी गप्पा मारत आली होती! आणि जिला खरंच चढवायला हवं होतं, तिला घरी सोडायला निघालेले. मी आडवी पडले आणि दोघींचं रक्त परत घेतलं."

ती खुर्चीत बसली. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत. तिच्या गोदामात लेबल यंत्र छापतं आणि यंत्रच खोक्यावर थापतं. लेबल आणि नळी यांच्या मधे एक हात असतो, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आत्ता परत घालते तो थांबा. आत्ताच."

"घाला. पण सोमवारी मला साहेबांपुढे उभं राहायचंय. दोनदा टोचलं म्हणून त्या जिनेवाल्या बाईने तक्रार केलीय. मी सांगितलं, मशीन बदललंय. साहेबांनी तुमचंच पान छापून फायलीत लावलं. 'निरर्थक थांबा काढला.' म्हणाले, बनवणारेच निरर्थक म्हणतात, मग बदललं काय? आणि बाई, तुमची तक्रारसुद्धा त्यांनी तीनदा बंद केलीय."

तिने ओळ परत घातली. घाई असणाऱ्यांनी थांबा स्वतः बंद करावा, अशी सोयही केली. नवी आवृत्ती उतरवून घेईपर्यंत पांढऱ्या प्रिंटरवाली फोनवरच होती. मग खर्र असा आवाज आला. शांतता. बाईंनी पुटपुटत वाचलेलं नाव. पुन्हा खर्र.

"बारा," त्या शेवटी म्हणाल्या. "सगळी जागच्या जागी."

त्याच संध्याकाळी थकलेल्या गृहस्थांना उत्तर द्यायला सवड झाली. "माझी बायको लॅबमध्ये होती. तिच्या शेजारी बसून मी ते लिहिलं. तीन सेकंद तिच्या हाताचे आहेत. कारण लिहिलं नाही, कारण ते कुणालाही कळेल असं वाटलं."

"कुणाला कळेल, बाबा? कुणाला?" ती ओरडली, आणि मग त्या ओळीशेजारी तिने स्वतः चार ओळी लिहिल्या, रक्त, नळ्या, हात, सगळं घालून.

सोमवारी सकाळी ती ऑफिसला उशिरा जाते म्हणाली. नवऱ्याने वर पाहिलं. "फोन करणारेस? उद्या सगळं तुझ्यावर शेकलं तर? प्रोग्राम तुझा आहे कुठे?"

"मग कोणाचा आहे?"

तिने हॉस्पिटलचा नंबर फिरवला आणि लॅबच्या साहेबांना मागितलं. फोन दोनदा एकाकडून दुसऱ्याकडे गेला, मग एक घाईतला आवाज आला, "बोला, कोण?"

"तुमच्या फायलीत एक छापलेलं पान आहे," ती म्हणाली. "ते मी लिहिलंय, आणि ते चूक आहे. तुमच्या बाईंचे हात बरोबर होते."