खडूचं रिंगण

खोकं आलं तेव्हा हरीओमनं ते एका हातानं उचललं, आणि मला तिथूनच बरं वाटलं नाही.

आमच्या रिसोडच्या गॅरेजात बोनट म्हटलं की दोन माणसं लागतात. एक इकडून धरतं, एक तिकडून, आणि मधे देवमनकाकांची एखादी शिवी. हे मात्र माझ्या नवऱ्यानं उशी उचलावी तसं उचललं, शेडमधल्या टेबलावर ठेवलं आणि कौतुकानं सांगितलं की हे कार्बन फायबर, आपल्याकडे पहिलंच.

बोनट श्रेयांसचं होतं. अडत दुकानवाल्या फूलचंद शेठचा तो मुलगा. मालेगाव रोडला त्याच्या गाडीसमोर रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला. रोही उठून तुरीत पळाला आणि गाडीचं लोखंडी बोनट चुरगळून बसलं. ठोकून सरळ करून देतो, असं देवमनकाकांनी सांगितलं होतं, पण श्रेयांसला ते जुनाट वाटलं. त्यानं मोबाईलवर पाहून कुणाकडून तरी हे वापरलेलं काळं चकचकीत बोनट मागवलं. ट्रान्सपोर्टनं ते आधी त्यांच्या धान्याच्या गोदामात उतरलं. सोयाबीनची गर्दी होती, तिथं आठ-दहा दिवस पडून राहिलं, आणि मग आमच्याकडे आलं.

आमच्या गॅरेजची एक रीत आहे, ती आधी सांगते. दुरुस्त झालेल्या गाडीची पहिली फेरी हरीओम स्वतः मारतो, आणि आमच्या गार्गीला पुढच्या सीटवर बसवून मारतो. ती झाली त्याच महिन्यात गॅरेजला बरकत आली. तेव्हापासून सासूबाईंनी, कस्तुराबाईंनी, ठरवून टाकलं की लक्ष्मी बसल्याशिवाय गाडी बाहेर द्यायची नाही. आता गिऱ्हाइकंसुद्धा विचारतात, पोरगी बसली का? गार्गी तीन वर्षांची आहे. सीटचा पट्टा तिच्या गळ्याशी येतो. मी एकदा बोलून पाहिलं, तर घरात दोन दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नाही. तेव्हापासून मी फक्त दारात उभी राहते. बायपासपर्यंत जाऊन यायला चौदा मिनिटं लागतात.

देवमनकाका म्हणजे सासऱ्यांच्या वेळचे डेंटर, चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारे. जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक दोऱ्याला बांधून ते गळ्यात घालतात. पत्र्यावर चुंबक सोडायचा. जिथं तो सुटला तिथं खाली पुट्टी, म्हणजे गाडी आधी ठोकलेली. त्या दिवशी त्यांनी चुंबक बोनटवर सोडला आणि तो सरळ घसरून खाली पडला. पुन्हा सोडला, पुन्हा पडला.

"लोखंड खोटं बोलत नाई, सूनबाई," ते म्हणाले. "हे तं काईच बोलत नाई. याले मी काय इचारू?"

मग हरीओमनं मलाच विचारलं. मी वाशिमच्या कॉलेजची बी.एस्सी., फिजिक्सवाली, मोबाईलवर पाहून काय काय तपासायचं ते तूच सांग म्हणाला. मी दुपारभर व्हिडिओ पाहिले आणि मग बोनट उन्हात तिरपं धरायला लावलं. चटईसारखी वीण सरळ होती, कुठं ताणलेली नव्हती. चमकीखाली पिवळेपणा नव्हता, दुधी डाग नव्हते, स्क्रूच्या भोकांना केसाएवढी चीर नव्हती. उलटं करून आतली चिकटवलेली चौकट पाहिली, तीही साफ. हरीओमचा चेहरा खुलला.

राहिलं होतं ते वाजवून पाहणं. आसेगावला माझी आई माठ घेताना बोटाच्या पेरानं सगळीकडून वाजवायची. रंगाकडे तिचं लक्षच नसायचं. एका जागी आवाज बसला की माठ खाली ठेवून ती पुढं निघायची, कुंभार मागून कितीही बोलला तरी. "डोयाले दिसत नाई ते कानाले दिसते," म्हणायची.

मी रुपयाचं नाणं घेतलं आणि काचेकडच्या बाजूनं बोटबोट अंतरावर वाजवत आले. टण, टण, टण. सगळीकडे सारखं. पुढच्या टोकाशी, डाव्या अंगाला आले आणि आवाज एकदम बसला. थप. जणू खाली ओलं फडकं होतं. तळहाताएवढी जागा. गार्गीचा निळा खडू घेऊन मी तिच्याभोवती रिंगण काढलं.

त्या जागेपासून वीतभर अंतरावर बोनटचा लॉक बसतो. कार्बन फायबर म्हणजे एकावर एक चिकटवलेले कापडाचे थर, आणि आवाज बसतो तिथले सुटलेले. ते आणखी सुटत गेले तर एक दिवस लॉक उपटून येणार, आणि धावत्या गाडीचं बोनट उलटं फिरून समोरच्या काचेवर आदळणार. मी हे सगळं हरीओमला समजावून सांगितलं. आत चौकट चिकटवली आहे, जाड जागी आवाज बदलणारच, असं त्याचं म्हणणं. मग मी उजव्या अंगाला, त्याच मापाच्या जागी वाजवून दाखवलं. चौकट तिथंही होतीच, पण आवाज टणक होता. त्यानं नाणं घेऊन दोन्हीकडे वाजवलं आणि मला दोन्ही एकच वाटतात म्हणाला. बारा वर्षं हातोड्याशेजारी काढलेला कान आहे त्याचा. घरात टीव्ही केवढा मोठा लावतो ते मला माहीत आहे, पण ते बोलायची जागा ती नव्हती.

"आवाजावरून गिऱ्हाइकाले काय सांगू मी? दिसून तं काईच नाई राह्यलं," तो म्हणाला. श्रेयांसला शुक्रवारी दुपारी गाडी हवी होती. बायकोला, जिनलला, आणि सात महिन्यांच्या बाळाला घेऊन समृद्धीवरून नागपूरला जायचं होतं. तिथं गाड्या एकशेवीसनं पळतात.

शुक्रवारी सकाळी बोनट चढलं. खडूचं रिंगण तेवढं मी पुसू दिलं नाही.

रिकामं खोकं गार्गीनं अंगणात आपलं घर केलं होतं. ती आत बसून भातुकली खेळत होती. जरा वेळानं मूठ उघडून तिनं मला जेवायला वाढलं. मुठीत सोयाबीनचे दाणे होते. कुठून आणलेस म्हटलं, तर तिनं खोक्याच्या फटीत बोट घालून आणखी दोन काढले.

मी तिला बाहेर घेतलं आणि खोकं फिरवून पाहिलं. एक कोपरा दबून सपाट झाला होता. ट्रान्सपोर्टमध्ये दबला असेल, असं आम्ही सगळ्यांनीच धरलं होतं. पण त्या पुठ्ठ्यावर पोत्याच्या विणीचा ठसा होता, आणि मधोमध सुतळीच्या शिवणीचीही रेघ उमटली होती. बोनट खोक्यात कसं ठेवलेलं होतं ते मी आठवून पाहिलं. तो कोपरा डाव्या टोकाचाच होता.

मी स्कूटी काढली. हरीओमला बजावलं की मी येईपर्यंत फेरी मारू नका. तो स्क्रू आवळत होता. खालमानेनंच "बरं" म्हणाला.

गोदामात श्रेयांस नव्हता. धरमसिंग नावाचा हमाल पोत्यांच्या थप्पीला टेकून तंबाखू मळत होता. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, हंगामापुरता आलेला. खोक्याचं विचारल्यावर तो आधी माहीतच नाही म्हणाला. मग मी शेठकडे न जाता त्याच्याकडेच आले आहे हे त्याच्या लक्षात आलं असावं. तंबाखू तशीच हातात राहिली.

"उचललं तं रिकामंच वाटलं, ताई," तो म्हणाला. "खाली ओल होती. कट्टे भिजू नये म्हनून बुडाशी सारलं."

वर किती कट्टे होते तेही त्यानं सांगितलं. पुरं खोकं नाही, एक कोपराच थप्पीखाली होता, पण त्याच्यावर पाच थर. पन्नास किलोचा एक कट्टा. गोदामात ओलीवर फळी नसली की पुठ्ठा, बारदान, हाताला लागेल ते टाकतात, हे मलाही माहीत आहे. त्याची चूक म्हणावी तर ती एवढीच, की गाडीचं बोनट चार किलोचं असू शकतं हे त्याला माहीत नव्हतं. आम्हाला तरी कुठं होतं?

"काढताना काही आवाज आला होता?"

त्यानं हातातली तंबाखू खाली झटकली. "कडाक झालं एकदा. मले वाटलं पुठ्ठा." मग हळूच म्हणाला, "शेठले माहं नाव नका सांगू. हंगाम जाइन माहा."

मी तिथूनच हरीओमला फोन लावला. फोन देवमनकाकांनी उचलला. साडेदहाला राहुकाळ लागतो, त्याच्या आत होऊन जाऊ दे असं सासूबाई म्हणाल्या, म्हणून तो गार्गीला घेऊन पहिल्या फेरीला गेला होता. फोन टेबलावरच विसरला होता.

मी परत कशी आले ते मला नीट आठवत नाही. गॅरेजच्या दारात उभी राहिले. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि माझं तोंड पाहून बाजूला उभ्या राहिल्या. निघून किती वेळ झाला विचारलं तर काका म्हणाले, दहा मिनिटं. मग चौदा झाली, मग अठरा. रस्त्यावरून सोयाबीनचा ट्रॅक्टर गेला, एक एसटी गेली. बायपासच्या वळणाकडे धूळ उडाली की माझे पाय आपोआप पुढं जायचे.

विसाव्या मिनिटाला गाडी आली. हळू आली. बोनट जागेवर होतं. गार्गी खिडकीतून हात हलवत होती.

हरीओम हसतच उतरला. बायपासच्या पुढं जाऊन ऐंशीपर्यंत नेली, काही झालं नाही, आता तरी तुझं मन भरलं का, असं विचारू लागला. मी गार्गीला ओढून काढलं आणि कडेवर घेतलं. तिचे गाल गार होते.

"आई, म्हशीनं श्वास घेतला," ती म्हणाली.

हरीओम हसला. सकाळपासून ती या काळ्या बोनटला म्हैसच म्हणत होती. मी विचारलं, कसा घेतला? तिनं एक तळहात दुसऱ्यावर ठेवला, वरच्या हाताची एक कड उचलली, खाली टेकवली, पुन्हा उचलली. मग डावीकडे बोट दाखवलं. "असा. इकून."

हरीओमचं हसू तिथंच थांबलं. तो गाडी चालवताना रस्ता पाहतो. गार्गीला रस्ता दिसतच नाही, ती बुटकी आहे. तिला समोर फक्त बोनट दिसतं.

मी नाणं काढलं. रिंगणाच्या आत थप. रेघेवर थप. रेघेच्या बाहेर दोन बोटं, थप. चार बोटं, थप. लॉकच्या जागेच्या अगदी काठाशी पोचले तेव्हा कुठं टण वाजलं. सकाळपर्यंत ती जागा तळहाताएवढी होती. एका फेरीत ती खडू ओलांडून गेली होती.

देवमनकाकांनी चुंबक गळ्यातून काढून खिशात टाकला. हरीओमनं माझ्या हातातून नाणं घेतलं, वाकून कान बोनटजवळ नेला आणि वाजवलं. या वेळी दोन्ही एकच वाटतात असं तो म्हणाला नाही.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. श्रेयांस होता. देवमनकाकांनी स्पीकर लावून फोन हरीओमपुढं धरला.

"पोरगी बसली का, भाऊ?"

"बसली."

"मंग झालं. जिनल तयारच हाये, लेकराले घेऊन येतो आमी."

हरीओमनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग गार्गीकडे. "बसली होती, शेठ. पण तिनंच नाई म्हटलं. ही गाडी मी देत नाई."

तिकडून आवाज चढला. वायदा, नागपूर, सगळं निघालं. हरीओम ऐकत राहिला. जुनं बोनट काका ठोकून देतील, परवा या, तोवर दुसरी गाडी करा, एवढंच तो पुनःपुन्हा सांगत होता. खराब केलं कुणी, असं श्रेयांसनं विचारलं तेव्हा मीच फोनशी वाकून म्हणाले की ते तुमच्या गोदामात पोत्यांखाली होतं, कुणाच्या हातून झालं ते मी विचारलं नाही. फोन कापला गेला.

मग हरीओमनं स्क्रू काढले आणि सवयीनं एका हातानं बोनट उचललं. काळं अंग वर आलं. डावं टोक मात्र सोबत आलं नाही. ते क्षणभर मागं लोंबत राहिलं, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं, आणि मग कडाक असा आवाज करून सरळ झालं.

सासूबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला आणि गार्गीला माझ्या कडेवरून आपल्याकडे घेतलं. तिला आत नेताना त्या तिच्या गळ्याशी, पट्टा येतो तिथं, बोटं फिरवत होत्या.