एजंटाची खुर्ची

बलभीमनं मतदान कार्ड सदऱ्याच्या खिशातून काढलं, टीव्हीच्या मागं सरकवलं आणि मोकळ्या खिशानं शाळेकडं निघाला.

सास्तूरच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत वीस वर्षं हिंमतरावांचा पोलिंग एजंट तोच. हिंमतरावांच्या वतीनं मतदान केंद्रात बसायचं, आलेला माणूस खरा की खोटा ते ओळखायचं. गावात एजंट काय कमी होते? विम्याचा एजंट दिसला की लोक दार लावून घेत, ट्रॅक्टरच्या एजंटाला कुणी चहासुद्धा विचारत नसे. पण केंद्रातल्या खुर्चीवरच्या एजंटाला खुद्द सरपंच रामराम घालायचा. आणि यंदा ती खुर्ची हिंमतरावांनी द्यावी कुणाला? बलभीमच्याच सुनेला, वैष्णवीला! बी.ए. झालीय, बचत गट चालवते, म्हणे.

सकाळी निघताना ती पाया पडली, तेव्हा त्यानं विचारलं होतं,

"एजंट म्हंजी काय, ठाव हाय का?"

"लॅटिनमधनं आलाय शब्द, मामा. मूळ अर्थ, करणारा. नुसता बसणारा न्हाय."

"मग म्या वीस वरसं काय झोपा काढल्या?"

ती हसली होती. ते हसणं त्याला अजून टोचत होतं. आपण पोरीच्या वयाच्या सुनेवर जळतोय, हे त्याला चांगलं कळत होतं. कळून काय उपयोग?

बेत साधा होता. कार्ड नाही म्हटल्यावर अधिकारी एजंटाला विचारणार, ओळखता का, नाव सांगा. त्याच्या घरात सून सासऱ्याचं नाव घेत नसे. त्याच्या बायकोनं, हरणाबाईनं, उभ्या जन्मात सासऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. वैष्णवी अडखळणार, लोक हसणार आणि ते हिंमतरावांच्या कानावर जाणार.

रांग सरकत सरकत तो आत पोचला. वैष्णवी डोईवर पदर घेऊन मतदार यादीवर पट्टी ठेवून बसली होती. शेजारी विरोधी पॅनेलचा एजंट सिद्धाराम.

"कार्ड?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"घरी राहिलं, सायब. पन एजंट वळखतेत की."

अधिकारी वैष्णवीकडं वळला. "ओळखता? काय नाव यांचं?"

सिद्धाराम गालातल्या गालात हसला. वैष्णवीनं पदर सावरला.

"बलभीम नागनाथ सुरवसे. अनुक्रमांक दोनशे चौदा," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "ओळखते. पण कार्डाशिवाय सोडू नका, साहेब. सकाळी सिद्धारामभाऊंच्या चुलत्याला मीच हरकत घेऊन परत पाठवलंय." मग हळूच म्हणाली, "मामा, कार्ड घेऊन या. अजून लई वेळ हाय."

"अगागा!" रांगेत कुणीतरी म्हणालं. बलभीमचे कान तापले. तो तसाच मागं फिरला.

शाळेपासून लांब, लिंबाखाली हिंमतराव उभे होते.

"काय रं, झालं मतदान?"

"परत धाडलं. सुनंनं."

"आपल्याच माणसाला? अरे, मागच्या बारीला चार मतांनी पडलो आपण! पोरगीच हाय अजून ती. थांब, आता तूच बस." त्यांनी बदली एजंटाचा कागद आणि पेन पुढं केला. "कर सही."

बलभीमनं पेनाचं टोपण काढलं. हेच तर पाहिजे होतं त्याला. कागद गुडघ्यावर धरला, आणि त्याला वीस वर्षांतली माणसं आठवायला लागली. 'आपलाच हाय, सोडा,' म्हणून त्यानं आत घेतलेली. कितीक जण तर त्याला नीट ठाऊकही नव्हते.

त्यानं टोपण परत लावलं.

"नगं. बसू द्या तिलाच."

"का रं? रुसलास व्हय?"

बलभीमच्या पोटात अजून जळतच होतं. त्यानं बिनसहीचा कागद हिंमतरावांच्या हातात परत दिला.

"म्या असतो तर कार्डाबिगर सोडलं असतं," तो म्हणाला, आणि कार्ड आणायला घराकडं चालू लागला.