ताडपत्रीची दुहेरी टीप

होडीतली पायाखालची फळी उचलून शिंपीणबाईंनी आत प्लास्टिकचा मग बुडवला, तर तो काठोकाठ भरूनच वर आला. काल संध्याकाळी हाच तळ फडक्याने पुसून कोरडा केला होता. वर ताडपत्री जागच्या जागी होती, दोर घट्ट होते, तरी रात्रीच्या पावसाला होडीच्या पोटात जायची वाट सापडलीच होती. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि उपसायला सुरुवात केली. आधी मगाने, मग स्पंजने, शेवटी फडक्याने. आजचा आठवा दिवस होता.

घरी नावाडी, म्हणजे त्यांचा नवरा, मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये पडून होता. धक्क्याच्या शेवाळलेल्या पायरीने बत्तीस वर्षं त्याला सांभाळलं आणि पावसाळ्यासाठी फेऱ्या बंद व्हायच्या आदल्या दिवशी दगा दिला. तेव्हापासून होडी बाईंच्या गळ्यात पडली होती.

"कशी आहे?" बाई उंबऱ्यात असतानाच त्याने विचारलं.

"कोरडी ठणठणीत," असं म्हणून त्या लगबगीने चहाकडे वळल्या. खोटं बोलताना त्यांना समोर बघता येत नसे.

"बरगड्यांच्या सांध्यात बघितलंस ना? खाऱ्या पाण्याने लाकूड टिकतं गं, हे पावसाचं गोडं पाणीच वाईट. साचलं की आतून कुजवतं. पाय सुटेल दोन महिन्यांनी, पण तोवर होडी मऊ पडली तर या वयात दुसरी कुठून बांधू?"

हे बाईंना आता तोंडपाठ झालं होतं, आणि खरंही होतं. होडी गेली तर हा माणूस प्लास्टर निघूनही अंथरुणावरच राहील, हे त्या ओळखून होत्या. शिवाय त्या होडीचं त्यांच्यावर कमी का ऋण होतं? त्यांचं शिलाईमशीन पलीकडच्या काठावरून तिच्यातूनच आलं. मुलगी परीक्षेला तिच्यातूनच गेली, शिकली, नोकरीला लागली. इतकी वर्षं हिने आपल्याला कोरडं ठेवलं, आता आपली पाळी, असं म्हणतच त्या रोज तळाशी ओणव्या होत.

चहाचा कप देताना मात्र घोटाळा झाला. नावाड्याने कपाऐवजी त्यांचा हात धरला. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती.

"ही कोरड्या होडीतून आलेली बोटं वाटतं?"

बाई मटकन खाटेच्या कडेला बसल्या. "आठ दिवस ताडपत्री गळतेय. मधोमध. फाटली होती म्हणून ठिगळ लावलं ना मी, नेमकं तिथेच."

"कसं शिवलंस ठिगळ?"

"चांगलं मजबूत. चारी बाजूंनी दुहेरी टीप मारली. माझी शिवण आजवर कुणाची उसवली नाही."

नावाडी इतका हसला की पायातून कळ आली. "अगं बाई, टीप म्हणजे भोकंच ना? एकेरीला जेवढी, त्याच्या दुप्पट पाडलीस तू. सदऱ्यात कोण पाणी ओततंय? ताडपत्रीवर रात्रभर साचतं."

इतक्या वर्षांत हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही, म्हणून बाई स्वतःवरच चिडल्या, आणि मग त्यांनाही हसू आवरेना. रागावला नाही हा माणूस, याचंच त्यांना मोठं वाटलं.

दुसऱ्या दिवशी उघडीप होती. बाईंनी ताडपत्री सोडून घरी आणली, पुसली, वाळवली आणि खाटेवर पसरली. नावाडी मेणबत्ती घेऊन टिपेवर घासत होता, बाई कागद ठेवून वरून इस्त्री फिरवत होत्या. मेण भोकाभोकांत मुरत होतं. कितीतरी दिवसांनी त्याच्या हाताला काम मिळालं होतं, आणि त्याचा आवाजही एकदम पूर्वीसारखा झाला होता. "जरा दाबून फिरव, कंजूषपणा नको," असे हुकूमही सुटू लागले.

तीन बाजू झाल्या आणि पत्र्यावर ताडताड आवाज सुरू झाला. होडी उघडी होती. बाई अर्धवट ताडपत्री काखेत मारून धावल्या.

धक्क्यावर पोचून बघतात तर होडी झाकलेली. मधोमध बांबू देऊन निळी ताडपत्री नीट उतरती बांधलेली, थेंब पडला की सरळ खाडीत. आणि शेजारची होडी उघडी, तिच्यात भोवरा गुडघ्यांवर बसून डबड्याने पाणी उपसत होता.

भोवरा हाही नावाडीच. उजवा हात जोरकस असल्याने पूर्वी त्याची होडी जरा वळणं घेत जायची. नऊ वर्षांपूर्वी बाईंच्या नवऱ्याने भर धक्क्यावर, उतारूंच्या देखत त्याला 'भोवरा' म्हटलं. सगळे हसले, आणि ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. त्या दिवसापासून तो यांच्याशी एक अक्षर बोलला नव्हता.

"भाऊजी, तुमची उघडी टाकून आमची कशाला झाकलीत?"

"मी दोन पायांवर उभा आहे, वहिनी," तो मान वर न करता म्हणाला. "माझी मी उपसीन."

बाईंनी आणलेली ताडपत्री खाली ठेवली, त्याच्या होडीत उतरल्या आणि तिथलाच दुसरा डबा उचलला. "राहू द्या, वहिनी," तो एकदा म्हणाला. त्या थांबल्या नाहीत. पाऊस ओसरेपर्यंत दोघं उपसत राहिली.

घरी येऊन ओल्या कपड्यांनिशीच त्यांनी सगळं सांगितलं. नावाडी ऐकत राहिला.

"त्याला निरोप पाठवायला हवा," तो शेवटी म्हणाला. "मीच जाऊन बोललो असतो, पण..." त्याने प्लास्टरकडे पाहिलं. मग अडखळला. "अगं, त्याचं खरं नाव काय?"

बाईंनाही चटकन आठवेना. धक्क्यावर कुणीच ते घेत नसे. त्यांनी हात पुसले, मशीनच्या खणातून मापांची जुनी वही काढली आणि पानं उलटू लागल्या. एकदा, फार पूर्वी, त्याच्या बायकोने दोन सदरे शिवायला दिले होते. छाती, खांदा, बाही, आणि पानाच्या डोक्यावर नाव.

त्यांनी ते वाचून दाखवलं.

नावाड्याने ते हळू आवाजात एकदा म्हणून पाहिलं. मग, नीट जमलं की नाही याची खात्री नसल्यासारखं, पुन्हा एकदा म्हटलं.